चिठ्ठी निघालेली दुर्बीण

आमच्या अमेरिकेतल्या घरातली पहिली धड खुर्ची कुणातरी मेलेल्या माणसाची होती, आणि आई कितीतरी महिने तिच्यावर बसली नाही. बाबा बसायचे. ऑफिसातून आले की बूट काढून त्या खुर्चीत रेलायचे आणि टीव्ही लावायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे पाहत राहायची. खुर्चीचा मूळ मालक जागा मागायला आला तर त्याला काय सांगायचं, याचा विचार करत असल्यासारखी. खुर्ची सुंदर होती. अक्रोडाच्या लाकडाची, हातांवर वेलबुट्टी कोरलेली, पाठीला फिकट हिरवं मखमली कापड. श्रूजबरी या आमच्या गावातल्याच एका घरातून ती आम्ही उचलून आणली होती. ‘उचलून आणली’ हा आईचा शब्द. बाबा म्हणायचे, “विकत आणली म्हण ना. फुकट नाही दिली कोणी.” त्यावर आई म्हणायची, “ज्याची होती त्यानं विकली असती तर विकत आणली म्हटलं असतं.”

इस्टेट सेल नावाचा प्रकार आम्हाला शरयू मावशीनं शिकवला. घरातलं म्हातारं माणूस वारलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की तिथले नातेवाईक घर रिकामं करून देणाऱ्या लोकांना बोलावतात. ते लोक घरातल्या एकूण एक वस्तूला, अगदी अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या खोक्यालासुद्धा, किमतीची चिठ्ठी चिकटवतात आणि शनिवारी सकाळी पुढचं दार उघडून देतात. मग कुणीही अनोळखी माणसं आत शिरतात, कपाटं उघडतात, पलंगाच्या गाद्या उचलून बघतात. नागपूरहून येऊन आम्हाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पहिल्यांदा अशा घरात गेलो तेव्हा मी दाराशी चपला काढायला वाकले होते. मागच्या माणसानं मला ओलांडून पुढे धाव घेतली.

मावशी नात्यातली नव्हे, मानलेली. मूळची पुण्याची, पण अमेरिकेत राहून तिला जन्म लोटला होता. मुलं कॉलेजसाठी दूर गेलेली, डॉक्टर नवरा दिवसभर हॉस्पिटलात, आणि घरात एक काचेचं भलंमोठं कपाट, त्यात तीसच्या दशकातल्या महामंदीच्या काळातली गुलाबी काचेची भांडी. ती भांडी ती उन्हात धरून, टिचकी मारून, कडेवरून अंगठा फिरवून पारखायची. आम्हाला गाडीत घेऊन जाताना तिचे नियम चालू असायचे. “आवडलं तरी फेसवर दाखवायचं नाही. भाव विचारायचा तो शेजारच्या वस्तूचा. आणि आपसात मराठीच बोलायचं, यार. तीच आपली ॲडव्हांटेज.” रांगेत उभे असलेले सगळेच एकमेकांवर नजर ठेवून असायचे. कुणाच्या खिशात भिंग, कुणाच्या हातात टॉर्च. लाल टोपीचा एक व्यापारी दर शनिवारी असायचा. मावशीची खात्री होती की तो चांगल्या वस्तू शनिवारी ओव्हनमध्ये लपवून ठेवतो आणि रविवारी किमती निम्म्यावर आल्या की काढून नेतो. त्यामुळे कुठल्याही घरात शिरलं की ती आधी ओव्हन उघडून बघायची. एकदा तर तिला खरंच आत पितळी मेणबत्तीदान सापडलं. तिनं ते शांतपणे विकत घेतलं आणि वर्षभर ती गोष्ट सांगितली.

आईला या सगळ्याचा संशय होता आणि मोहही होता. नागपुरात ती शाळेत गणित शिकवायची. इथे बाबांच्या व्हिसावर आलेली असल्यानं तिला नोकरी करता येत नव्हती. दिवसभर घरात ती आणि खिडकीतून दिसणारा पार्किंग लॉट. शनिवारी ती केस नीट बांधून, ठेवणीतला कुर्ता घालून निघायची. तिला एक गोष्ट मात्र मनापासून हवी असायची, ती म्हणजे बिडाची जुनी भांडी. अमेरिकन म्हाताऱ्यांनी आयुष्यभर वापरून गुळगुळीत केलेल्या काळ्या पॅनवर तिची धिरडी अशी सुटून यायची की बाबा उभ्यानंच खायला लागायचे. पण कुठलंही भांडं घरात आलं की ते आधी बाल्कनीत राहायचं. मग उकळतं पाणी, मग मीठ, मग लिंबू, मग पुन्हा उकळतं पाणी. घासण्याचा खसखस आवाज शनिवारची दुपारभर यायचा. शेवटी ती ते पुसून देवासमोर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वापरायला काढायची. आज माझ्या स्वयंपाकघरात तेच पॅन आहे. मी त्याला साबण लावत नाही, पण कधीकधी उगाच त्यावरून लिंबाची फोड फिरवते.

मी सांगतेय ते न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याच्या पुढच्या उन्हाळ्याबद्दल. मी पंधरा वर्षांची होते. बाबांच्या ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं; बाबा फोनवर आवाज खाली करून बोलायचे त्यावरून कळलं होतं. त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवर अमेरिकेच्या झेंड्याचं स्टिकर लावलं होतं. दुकानात शिरलं की हात खिशातून बाहेर ठेवायचे, हे त्यांनी मला एकदाच, अगदी सहज सांगितलं होतं. इथले लोक आमच्याकडे बघायचे आणि आम्ही त्यांच्याकडे, आणि कोण कशासाठी बघतंय याचा अंदाज बांधण्यातच दिवस जायचा.

त्या शनिवारचं घर तळ्याच्या उतारावर होतं. पांढरं, लाकडी, पुढे फुलांनी लगडलेली झुडपं. माझ्यासाठी अभ्यासाचं टेबल बघायचं म्हणून बाबाही आले होते. एरवी आले तरी ते गाडीतच बसायचे. त्या दिवशी मावशीही आमच्याच गाडीतून आली होती. दार उघडलं आणि सगळे आपापल्या दिशेनं पांगले. मावशी जेवणाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे, आई स्वयंपाकघरात, बाबा जिन्यावरून वर. पुढच्या दाराशी हिरवा ॲप्रन बांधलेली एक बाई पैसे घ्यायला बसली होती. बाकीची सगळी दारं कुलूप लावून बंद होती, म्हणजे कुणी काही घेऊन मागच्या मागे सटकू नये.

मी घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे तळ्याकडे तोंड करून एक काचांची पडवी होती, आणि तिच्यात एक म्हातारी बाई कोट घालून बसली होती. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरीचा कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला वाटलं, आमच्यासारखीच कुणी गिऱ्हाईक दमून बसली असेल.

“बस,” ती म्हणाली. “नाहीतर थांब, आधी माझ्या खुर्चीखाली बघ. चिठ्ठी आहे का?”

मी वाकून बघितलं. होती. मी किंमत वाचून दाखवली.

“एवढ्या पैशांत मलाच परत घेता येईल,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही गिऱ्हाईक नाही. ज्या घरांत आम्ही आजवर शिरलो त्यांचे मालक कधीच तिथे नसायचे. इथे मालकीण बसलेली होती, आणि तिच्या डोक्यावरून लोक तिचे दिवे, तिची पांघरुणं, तिच्या भिंतीवरचं घड्याळ घेऊन जात होते.

तिचं नाव रूथ. तिनं माझं नाव विचारलं, मी अनघा म्हटलं, तिनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. मग ती दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “मला सांगितलंय की गुडघा बरा होईपर्यंत वृद्धाश्रमात जायचं आहे. दोन आठवडे. मग माझ्या पलंगाला चिठ्ठी कशाला लावली?”

तिनं दाराकडे पुन्हा एकदा बघून कोटाच्या आतून एक दुर्बीण काढली. काळी, जड, कडांवरचा रंग उडालेली, तपकिरी चामड्याचा पट्टा असलेली.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. “समोर निळ्या दाराचं घर आहे ना, तिथे एलनर राहते. तिची आहे. आम्ही दोघी इथे बसून पक्षी बघायचो. माझ्या पुतण्यानं हिच्यावरही चिठ्ठी लावली. मी सांगितलं, तर म्हणतो, रूथ, तुला आठवत नाही. तू ही तिच्या हातात नेऊन दे. कुणाला विचारू नकोस. विचारलंस तर नाहीच म्हणतील.”

“तुम्ही मलाच का सांगताय?” मी विचारलं.

“तू इथली नाहीस. इथल्या सगळ्यांना तो ओळखतो.”

तिनं माझ्या दंडावर हात ठेवून मला किंचित पुढे ढकललं. मी दुर्बीण गळ्यात अडकवली. लपवावी असं मनातही आलं नाही. ज्याची वस्तू त्याला द्यायची, रस्ता ओलांडायचा, परत यायचं, एवढंच डोक्यात होतं. मी जेवणाच्या खोलीतून, गर्दीतून वाट काढत पुढच्या दाराशी आले. हिरव्या ॲप्रनवाल्या बाईनं हात आडवा केला.

“हिची चिठ्ठी कुठे आहे?”

“ही विकायची नाहीये,” मी म्हटलं. “आतल्या आजींनी दिली. समोरच्यांची आहे.”

बाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या बाहीकडे बघत होती. तिनं दोन बोटांनी माझ्या बाहीवरून काहीतरी सोलून काढलं आणि वर धरलं. किमतीची चिठ्ठी होती. सबंध, एक कोपराही न फाटलेली. ती तिथे केव्हा आली, मला पत्ता नव्हता.

बाईनं आत वळून हाक मारली. रूथचा पुतण्या आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, अतिशय मऊ आवाज. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. “चला, रूथलाच विचारू या,” तो म्हणाला, आणि मला पुढे घालून पडवीत घेऊन गेला. मागून बाबा जिना उतरून येत होते. आई हातात एक काळं पॅन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“रूथ, ही दुर्बीण तू या मुलीला दिलीस?”

रूथनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे स्वच्छ निळे होते. “मी हिला ओळखत नाही,” ती म्हणाली. आणि मग पर्स छातीशी ओढून, “हिला इथे माझ्या पर्सजवळ उभी करू नका.”

पोलिसांना बोलवायचं का, असं ॲप्रनवाल्या बाईनं विचारलं. त्या शब्दाबरोबर बाबा माझ्या आणि पुतण्याच्या मध्ये आले. मला वाटलं, आता ते भांडतील. नागपुरात रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, घरमालकाशी भांडताना मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे, दिसतील असे धरले. “सॉरी सर,” ते म्हणाले. “व्हेरी सॉरी. लहान आहे ती. तिला समजलं नाही. मी विकत घेतो, काय किंमत असेल ती.” आणि चिठ्ठीवरचा आकडा न वाचता त्यांनी पाकीट काढलं.

आम्ही जेवणाच्या खोलीतून बाहेर पडलो. शरयू मावशी खिडकीपाशी उभी होती. तिनं एक गुलाबी बशी उजेडात धरली होती. आमची नजरानजर झाली. तिनं बशी उलटी केली आणि तिचा तळ निरखायला लागली. ज्या भाषेला ती आपली ॲडव्हांटेज म्हणायची, त्या भाषेतला एक शब्द तिनं त्या वेळी उच्चारला असता, “काय गं, काय झालं?” एवढंच, तर पुढचं पुष्कळसं सोपं झालं असतं. ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीनं घरी गेली.

घरी आलो. आईनं सकाळी सांबारवड्यांची तयारी करून ठेवली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. घरभर खसखस आणि सुक्या खोबऱ्याचा वास होता. एरवी मी त्या वासानं ओट्याशी घुटमळले असते. बाबांनी दुर्बीण जेवणाच्या टेबलावर ठेवली, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “खरं सांग, अनू. मी रागावणार नाही.”

मी सगळं सांगितलं. पडवी, कोट, निळं दार, एलनर. सांगता सांगता माझ्याच कानांना ते रचल्यासारखं वाटायला लागलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं.”

त्यांच्या त्या ‘बरं’चा मी नंतर किती विचार केला. ते ‘बरं’ आम्ही नागपुरात कामवाली बाई उशिरा येण्याचं कारण सांगायची तेव्हा तिला म्हणायचो. विश्वास ठेवला असंही नाही, नाही असंही नाही. विषय मिटवायचा आहे, एवढंच. आईनं सांबारवड्या तळल्या. मी एक खाल्ली आणि उठले.

त्यानंतरच्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे लोकांच्या हातांकडे बघायला. आमच्या मराठी मंडळींचं पुढच्या शनिवारी जेवण होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ नेण्याचं. ज्यांच्या घरी जमलो होतो त्या काकूंनी मी आत येताच कोपऱ्यातल्या टेबलावरची चांदीची कुंकवाची कोयरी उचलून आत नेली. कदाचित टेबलावर पदार्थ मांडायला जागा हवी असेल. काकूंनी ती मला बघून उचलली की तशीच, हे मला आजही ठरवता येत नाही. मावशी तिथे होती. ती आईशी भाज्यांच्या भावांबद्दल बोलली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून, “काय, स्टडीज कशा चालल्यात?” म्हणाली. तिचा हात पाठीवरून फिरला आणि मी माझ्या बाह्या तपासल्या.

आई मात्र मनाशी काहीतरी जुळवत होती. गणिताचा पेपर काढताना असायची तशी. एका दुपारी मी लायब्ररीतून आल्यावर तिनं माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटीपालटी करून बघितली. मी तेव्हा नखं खायचे. नखं म्हणून काही उरलेलंच नसायचं.

“ती चिठ्ठी मी पाहिली ना,” आई म्हणाली. “पुरी निघाली होती, एक कोपरा फाटला नव्हता. मी एवढी भांडी आणली, प्रत्येक चिठ्ठी तुकडे तुकडे होऊन निघते. पाण्यात भिजवावं लागते. तुझ्या या बोटांनी ती निघतच नाही. कुणीतरी बसून, नखानं, सावकाश काढली. जिच्यापाशी वेळ होता तिनं. आणि तुझ्या दंडाला हात लावला तेव्हा ती तिच्या बोटावरून तुझ्या बाहीला चिकटली.”

“पण ती म्हणाली ओळखत नाही म्हणून.”

“म्हणाली. आणि पर्स कशी ओढली, पाहिलं? ज्या बाईला पर्स सांभाळायचं समजते, तिला बाकीचंही समजते.”

“मग बाबांना सांग ना.”

आईनं माझा हात सोडला. “सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता वाढवू नको.” मग ती उठली, दुर्बीण वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीची किल्ली घेतली.

आईला गाडी चालवण्याचं लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते. शाळा आणि वाण्याचं दुकान यापलीकडे ती कधी गेली नव्हती. त्या दिवशी तळ्यावरचा पूल ओलांडताना तिनं श्वास रोखून धरला होता, आणि मागून कुणी हॉर्न दिला तेव्हा ती मोठ्यानं, मराठीत, “थांब की जरा” म्हणाली. पांढऱ्या घराच्या खिडक्यांना आता पडदे नव्हते. समोर खरंच निळं दार होतं. ते बघून मला रडूच फुटायचं राहिलं, कारण मधल्या दिवसांत ते दार मीच मनानं रंगवलं असेल की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून चष्म्याची एक काच आणि पांढरे केस दिसले. “मला काही विकत घ्यायचं नाही,” आतून आवाज आला.

आईनं इंग्रजीत वाक्य जुळवायला सुरुवात केली तोवर दार लागायला लागलं. मी वर्तमानपत्र सोडलं आणि दुर्बीण फटीसमोर धरली. “रूथनं पाठवलीय,” मी म्हटलं.

दार बंद झालं. आत साखळी निघाल्याचा आवाज आला, आणि ते पुन्हा, पूर्ण उघडलं. एलनर उंच होती, रूथहून बरीच सडपातळ. तिनं दुर्बीण घेतली, पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपली आणि डोळ्यांना न लावता नुसती छातीशी धरली. “माझ्या भावाची होती,” ती म्हणाली. “मी तिच्या पुतण्याला सांगायला गेले होते. तो म्हणाला, सिद्ध करा. आता दुर्बीण माझी आहे हे मी कसं सिद्ध करणार?” मग माझ्याकडे बघून, “सेलच्या दिवशी सकाळी रूथचा फोन आला होता. म्हणाली, आज कुणाच्या तरी हाती पाठवते, खिडकीत बसून राहा. मी दुपारपर्यंत बसले. कुणी आलं नाही. मला वाटलं, विसरली.”

“ती म्हणाली, मी तुला ओळखत नाही,” मी म्हटलं.

“तो जवळ उभा होता?”

“हो.”

एलनरनं चामड्याचा पट्टा दुर्बिणीभोवती गुंडाळला. “त्याला घाबरून म्हणाली असेल,” ती म्हणाली. “किंवा तोवर खरंच विसरली असेल. काही दिवशी ती मलाही विचारते, तू कोण म्हणून. मला सांगता येणार नाही.” मग तिनं विचारलं की ही दुर्बीण आमच्याकडे कशी, आणि आईनं अडखळत सांगितल्यावर ती पाकीट आणायला वळली.

“पैसे नकोत,” आई म्हणाली. तिचं इंग्रजी तेव्हा शाळेतल्या पुस्तकासारखं होतं, प्रत्येक शब्द वेगळा. “तुम्ही माझ्या घरी चला. आणि हे माझ्या नवऱ्याला सांगा.”

मला वाटलं, ही बाई आता दार लावून घेणार. अनोळखी, परक्या रंगाच्या दोन बायका सांगतात, आमच्या गाडीत बसा. एलनरनं आईकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या त्या पडदे नसलेल्या घराकडे. “कोट घेते,” ती म्हणाली.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा त्यांच्या अक्रोडाच्या खुर्चीत एक अमेरिकन म्हातारी बसलेली होती आणि कपात फुंकर घालून आईनं दिलेला चहा पीत होती. ते दारातच थबकले. काहीतरी वाईट घडलंय, कुणीतरी सरकारी माणूस आलंय, असं त्यांना वाटलं असणार; त्यांचा चेहरा तसा झाला होता. एलनर उठली नाही. तिनं बसल्या बसल्या, शिक्षिकेच्या आवाजात, सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोनसुद्धा. “तुमच्या मुलीनं काही चोरलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “तिच्यावर एक काम सोपवलं होतं, ते ती करत होती.”

“थँक यू,” बाबा म्हणाले. “आय न्यू. मला माहीत होतं.”

“खोटं बोलू नका,” आई मराठीत म्हणाली. स्वर चढवला नाही. चहात साखर हवी का असं विचारावं तसं म्हणाली. एलनरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कप खाली ठेवला.

पुढे शरयू मावशीला हे कळलं. ती स्वतः केलेलं श्रीखंड घेऊन आली, सोफ्यावर बसली, म्हणाली, “मला तर तेव्हाच डाऊट आला होता त्या नेफ्यूचा.” आईनं श्रीखंड घेतलं, चहा दिला, डबा धुऊन परत केला. शनिवारी आम्ही नंतरही जात राहिलो, पण आमच्या गाडीनं, आई चालवायची. एलनर कधीकधी बरोबर असायची. ती काहीच विकत घ्यायची नाही. घराचा मालक कोण होता, कुठे गेला, एवढं तेवढं विचारून घ्यायची. रूथ पुन्हा त्या घरात आली नाही. एलनर तिला भेटायला जायची तेव्हा दुर्बीण घेऊन जायची; तिथल्या खिडकीतून तळं दिसत नव्हतं, पण कबुतरं येत, असं तिनं सांगितलं होतं. मी रूथला परत कधी भेटले नाही. विचारायचं एकच होतं, आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी उरलं असेल याची मला खात्री नव्हती.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी एलनरला घरी सोडायला बाबा निघाले आणि आईनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं. जाताना एलनर पुढे बसली होती, मी मागे. तिला उतरवून तिचं निळं दार लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी पुढे येऊन बसले. बाबांनी किल्ली फिरवली नाही. तळ्यावर अजून उजेड होता. कुणीतरी बोट काठाला बांधत होतं.

“मी तिथं माफी मागायला नव्हती पाहिजे,” बाबा म्हणाले. “पोलीस म्हटलं त्या बाईनं, आणि मला दुसरं काही दिसेना. नोकरी, व्हिसा, तुझी शाळा, सगळं एकदम डोक्यात आलं. वाटलं, आधी इथून बाहेर निघू.”

“ते समजलं मला,” मी म्हटलं. आणि खरंच समजलं होतं. बाबांचे ते पुढे धरलेले हात मला तेव्हाही समजले होते. मला वेगळंच विचारायचं होतं, आणि इतके दिवस ते तोंडाशी येऊन परत गेलं होतं.

“बाबा, तुम्हाला वाटलं होतं का? मी घेतली असं?”

त्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. मला वाटलं, ते आता पुन्हा म्हणतील, वेडी आहेस का, मला माहीत होतं. त्या उत्तराची मी तयारी केली होती. ते ऐकून काय चेहरा करायचा तेही ठरवलं होतं. बाबांनी हात खाली घेतले. मग माझ्याकडे वळले.

“हो,” ते म्हणाले. “वाटलं होतं.”

मी मान हलवली. ते ‘नाही’ म्हणाले असते तर पुढे त्यांच्या कुठल्याही ‘नाही’वर माझा विश्वास बसला नसता, एवढं मला त्या वयातही कळलं. मी खिडकीची काच खाली केली. त्यांनी गाडी सुरू केली, आणि पुलावर आल्यावर विचारलं, सांबारवड्या करायला घरी कोथिंबीर असेल का. नसेल, मी म्हटलं, पण घेऊन जाऊ. आम्ही वाण्याच्या दुकानापाशी थांबलो, आणि दोघंही आत गेलो.